रेल्वे कंपनीची प्रवाशांना माहिती द्यायची सेवा: ५ पैकी २ स्टार, आणि ते २ कुणाला दिलेत तेही सांगते

साडेतीन वर्षं झाली, मी रोज याच कंपनीच्या गाडीने जातेय. सकाळी ७:१२ ची, मधे जंक्शनला उतरून दुसरी पकडायची, संध्याकाळी तसंच उलट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीये, बऱ्याच ठिकाणी हेच चाललंय. आणि हा रिव्ह्यू गाड्यांचा पण नाही. डबे स्वच्छ असतात, सीट बऱ्या आहेत, एकदा निघाली की गाडी नीट जाते. गाडी लेट झाली किंवा रद्द झाली की आपल्याला कसं कळवतात त्याचा हा रिव्ह्यू आहे, म्हणजे ॲप, स्टेशनवरचा बोर्ड, अनाउन्समेंट, मेसेज आणि प्लॅटफॉर्मवरची माणसं, हे सगळं मिळून जी सेवा होते ती.

आधी तो मंगळवार सांगते. घरातून निघताना ॲपवर ७:१२ 'वेळेवर'. स्टेशनला पोचले ७:०५ ला, बोर्डवर पण 'वेळेवर'. ७:१२ वाजले, गाडीचा पत्ता नाही, बोर्डवर अजून 'वेळेवर'. मग ७:१४ ला बोर्ड बदलला, अपेक्षित ७:१५. ७:१५ ला झालं ७:१७. मग ७:१९, ७:२२, ७:२४, असं दोन-दोन तीन-तीन मिनिटांनी पुढे सरकत ते ७:४१ पर्यंत गेलं आणि त्यानंतर ती ओळच बोर्डवरून गेली. 'रद्द' असंही आलं नाही, नुसती गायब झाली आणि खालची ७:५२ ची गाडी वर सरकली.

यात सगळ्यात वाईट काय झालं तर ७:२६ ची सगळीकडे थांबणारी गाडी समोरच्या प्लॅटफॉर्मवरून आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. ती वीस मिनिटं जास्त घेते पण तिने गेलो असतो तर जंक्शनची पुढची गाडी आरामात मिळाली असती. आम्ही कोणीच गेलो नाही, कारण आमची गाडी दोन मिनिटांत येत होती ना, बोर्डच तसं सांगत होता. माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती, हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. तिने मला तीनदा विचारलं, ताई येईल ना हो गाडी, आणि मी तिन्ही वेळा बोर्डकडे बघून सांगितलं, येईल गं, दोन मिनिटं दाखवतायत. हे मला अजून लागून राहिलंय. ७:५२ च्या गाडीत ती पूर्ण वेळ दारातच उभी होती, जंक्शनला उतरून धावत सुटली, पुढे काय झालं मला कळलं नाही.

प्लॅटफॉर्मवर पिवळं जॅकेट घातलेली एकच कर्मचारी होती, चार प्लॅटफॉर्मना मिळून एक. तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं, काही जण ओरडत होते. मी जवळ गेले तेव्हा तिच्या मोबाईलची स्क्रीन दिसली, त्यावर तेच ॲप उघडं होतं जे आम्हा सगळ्यांच्या हातात होतं. ती म्हणाली, ताई मला वेगळं काहीच दिसत नाही हो, कंट्रोलला फोन लावतेय तर सारखा एंगेज लागतोय. आवाज रडवेला झाला होता तिचा. तिच्यावर ओरडणाऱ्यांना एवढंच सांगते, की कंपनीने तिला माहिती न देता आपल्यासमोर उभं केलं होतं, आणि जो राग कंट्रोल रूमपर्यंत पोचायला हवा तो सगळा तिने एकटीने सोसला.

नंतर मी हे असं का होतं ते खोदून काढायला बसले. नात्यातले एक काका रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होते, त्यांनी बरंच समजावलं. बोर्डवरची 'अपेक्षित वेळ' कोणी माणूस टाकत नाही, ती कॉम्प्युटर काढतो, गाडी शेवटची कुठे दिसली त्यावरून. अमुक सिग्नल इतक्या वाजता ओलांडला म्हणजे पुढच्या स्टेशनला इतक्या वाजता येईल, असा हिशोब. पण जी गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरून सुटलीच नाही ती शेवटची दिसली कुठे? कुठेच नाही. मग वेळ होऊन गेली आणि सुटल्याची खबर नाही म्हणजे आता सुटेल, अजून नाही सुटली म्हणजे आता सुटेल, असं धरून सिस्टिम वेळ पुढे ढकलत राहते. कंट्रोलमधल्या कोणीतरी ती गाडी 'रद्द' म्हणून नोंदवली की मगच ते थांबतं, नाहीतर मंगळवारसारखी ओळच शेवटी गायब होते. ॲप आणि बोर्डना माहिती पुरवायचे जे फॉरमॅट आहेत त्यात रद्दसाठी वेगळी खूण असतेच, जीटीएफएस रिअलटाइम म्हणून जो जगभर वापरतात त्यातही आहे, म्हणजे टेक्नॉलॉजी अडलेली नाहीये. अडतं ते कुठे, तर ज्या दिवशी माणसं कमी असतात त्याच दिवशी कंट्रोलमध्ये फोनवर फोन येत असतात, ड्रायव्हर कुठून काढायचा, रेक (म्हणजे गाडीच्या डब्यांचा पूर्ण संच) कुठे उभा करायचा, आणि त्या धावपळीत प्रवाशांसाठीची नोंद सगळ्यात शेवटी होते. कधी होतच नाही.

आणि आमची ७:१२ का आली नाही? ड्रायव्हर नव्हता. ब्रेकडाऊन नाही, सिग्नल नाही, पाऊस नाही. नंतर एका गार्डनेच सांगितलं की त्या गाडीची ड्रायव्हरची ड्युटी आदल्या रात्रीपासूनच रिकामी होती, एक जण आजारी, स्टँडबायवाला आधीच दुसऱ्या गाडीवर गेलेला आणि सुट्टीवरचं कोणी यायला तयार नव्हतं. म्हणजे रात्रीच माहीत होतं! मी रात्री अलार्म लावत होते तेव्हा कंपनीतल्या कोणाला तरी हे माहीत होतं की सकाळी ७:१२ ला माणूस नाहीये. कदाचित कोणीतरी मिळेल या आशेवर त्यांनी गाडी चालू दाखवली असेल, ते मी समजू शकते, पण मग तसंच सांगा ना की ७:१२ नक्की नाही, जमलं तर आधीच्या गाडीने जा.

माणसं कमी पडणं हा एका रात्रीत सुटणारा प्रश्न नाही हे मला कळतं. ड्रायव्हर तयार व्हायला साधारण वर्षभर जातं, बऱ्याचदा जास्तच. तो तयार झाला तरी कुठल्याही मार्गावर बसवता येत नाही, त्या मार्गावरचे सिग्नल, चढ-उतार, ब्रेक कुठून लावायचा, हे सगळं शिकून तो मार्ग येतो असं त्याच्या नावावर नोंदलेलं असावं लागतं. गाडीच्या प्रकाराचंही तेच. शिवाय ड्युटीचे तास ठरलेले, दोन ड्युट्यांच्या मधली विश्रांती ठरलेली, आणि ती असायलाच पाहिजे, थकलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत मला बसायचं नाहीये. त्यामुळे कागदावर माणसं दिसतात पण सकाळी त्या मार्गाचा, त्या गाडीचा, विश्रांती पूर्ण झालेला माणूस हवा म्हटलं की नसतो. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ ला नवीन टाइमटेबल लागू झालं तेव्हा हेच झालं होतं, टाइमटेबल पक्कं व्हायलाच इतका उशीर झाला की ड्रायव्हरना नवे मार्ग शिकवायला वेळ उरला नाही, आणि नॉर्दर्न आणि गोव्हिया थेम्सलिंक या दोन कंपन्यांच्या मिळून रोज ७८० पर्यंत गाड्या रद्द होत होत्या. रेल्वे नियामकाने चौकशी केली, त्यात प्रवाशांना माहिती देण्यात कंपन्या कमी पडल्या हेही ठळकपणे आलं. लोकांना सकाळी उठून कळत नव्हतं की आज कुठली गाडी आहे.

तिकडे अजून एक प्रकार आहे, त्याला पी-कोड म्हणतात. कंपनीने आदल्या रात्री १० च्या आत गाडी काढून टाकली तर ती त्या दिवसाच्या टाइमटेबलमध्ये नव्हतीच असं धरायचं, म्हणजे रद्द गाड्यांच्या नेहमीच्या आकड्यात ती येत नाही. ट्रान्सपेनाइन एक्सप्रेस नावाच्या कंपनीने ड्रायव्हर कमी पडले तेव्हा हे भरपूर वापरलं, महिनोनमहिने लोकांचे हाल झाले, आणि शेवटी २८ मे २०२३ पासून ती सेवा सरकारने हातात घेतली. मला यातलं आकड्यांचं प्रकरण चीड आणणारं वाटतं, पण त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की रात्री १० च्या आत कोणती गाडी धावणार नाही हे ठरवता येतं, सिस्टिममधून काढताही येतं. मग त्याच वेळी ज्याच्याकडे त्या गाडीचा पास आहे त्याच्या फोनवर एक मेसेज जायला काय हरकत आहे?

आकडे कसे मोजतात यावर पण बरंच अवलंबून असतं बरं का. जर्मनीत गाडी ६ मिनिटांपेक्षा कमी लेट असेल तर वेळेवर धरतात आणि रद्द झालेली गाडी त्या हिशोबात येतच नाही. तशा पद्धतीने मोजूनही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या ६२.५ टक्केच गाड्या वेळेवर होत्या. म्हणजे तासभर लेट येणारी गाडी आकडा खराब करते आणि न आलेली गाडी करत नाही, आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला तर न आलेलीच जास्त छळते. तिथेच माइन्झच्या मोठ्या स्टेशनवर २०१३ च्या ऑगस्टमध्ये सिग्नल केबिनचे लोक रजेवर आणि आजारी, एवढ्या कारणाने कित्येक गाड्या रद्द कराव्या लागल्या. ड्रायव्हरचं सगळे बोलतात, पण सिग्नलवाला नसला तर ड्रायव्हर, गार्ड, गाडी सगळं तयार असून रूळ मोकळा मिळत नाही.

आता आमच्या कंपनीच्या अनाउन्समेंटबद्दल. मंगळवारी त्या चाळीस मिनिटांत मी 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी' अकरा वेळा ऐकलं. मोजलं मी. एकदाही कारण नाही, पुढची गाडी कुठली ते नाही, समोरची ७:२६ ची घ्या असं तर नाहीच. कारण म्हणून कधी आलंच तर 'परिचालनाच्या कारणास्तव', ज्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय, आमच्या डब्यात एक काका येतात, त्यांना ऐकू येत नाही, प्लॅटफॉर्म बदलल्याचं फक्त स्पीकरवर सांगितलं की ते तिथेच उभे राहतात, आता आम्ही रोजचे लोक त्यांना हाताने खूण करून घेऊन जातो. हे काम कंपनीचं आहे. ज्याला दिसत नाही त्याला बोर्ड उपयोगाचा नाही, ज्याला ऐकू येत नाही त्याला स्पीकर, त्यामुळे जे सांगायचं ते दोन्हीकडे एकाच वेळी गेलं पाहिजे.

आता दोन स्टार कुणाला दिले ते.

पहिला स्टार त्या एका मेसेजला. मंगळवारनंतर साधारण दीड महिन्याने एका बुधवारी रात्री ९:५० ला फोन वाजला. मेसेज असा होता: 'उद्याची ७:१२ ची गाडी रद्द, ड्रायव्हर उपलब्ध नाही. ६:४८ आणि ७:२६ धावतील. ७:२६ ला जास्त गर्दी असेल. तुमचा पास दोन्हीला चालेल.' बस एवढंच, पाच ओळी. मी अलार्म पंचवीस मिनिटं अलीकडे लावला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी ६:४८ ला आमचे नेहमीचे बरेच लोक दिसले, कोणीही चिडलेलं नव्हतं, कोणी कर्मचाऱ्यांवर ओरडत नव्हतं. गाडी त्या दिवशीही रद्दच होती ना! ड्रायव्हर नव्हता हेही तेच. कंपन्यांना भीती वाटते की माणसं कमी आहेत असं सरळ सांगितलं तर लोक भडकतील, पण मी तरी त्या दिवशी उलटं बघितलं. हा मेसेज कोणी लिहिला मला माहीत नाही, कुठल्यातरी रात्रपाळीच्या माणसाने स्वतःहून लिहिला असावा असं वाटतं कारण तसा परत आजवर आला नाही, पण ज्याने लिहिला त्याला प्रवाशाला नेमकं काय हवं असतं ते बरोबर कळलं होतं.

दुसरा स्टार एका गार्डला. संध्याकाळची गाडी, दोन स्टेशनांच्या मधे थांबली. दोनेक मिनिटांत स्पीकरवर आवाज आला, रेकॉर्डेड नाही, माणसाचा: 'गाडी का थांबली मलाही अजून कळलेलं नाही, कंट्रोलला विचारतोय, पाच मिनिटांत परत सांगतो.' आणि बरोबर पाच मिनिटांनी तो बोलला: 'अजून काही कळलं नाही, विचारतोय, पाच मिनिटांनी परत बोलतो.' माझ्यासमोरच्या आजींनी तेव्हा पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि पाठ टेकून बसल्या. सांगायला नवीन काही नव्हतं तरी तो दिलेल्या वेळेला बोलला, त्यामुळे सगळ्यांना भरवसा आला की जे कळेल ते आपल्याला कळेल. मग आपल्या पुढे रुळावर असलेली गाडी खराब झालीये, अर्धा तास तरी लागेल असं त्याने सांगितलं आणि स्वतः डब्यांमधून चालत आला, कोणाला जंक्शनवरून शेवटची गाडी पकडायची आहे विचारत, हात वर केलेले मोजले, चौदा. मी विचारलं दादा थांबवतील का ती गाडी, तर म्हणाला, 'माहीत नाही ताई, पण चौदा माणसं आहेत असं आकडा देऊन सांगितलं तर थांबवायची शक्यता जास्त.' थांबवली त्यांनी. नऊ मिनिटं.

नुकसानभरपाईबद्दल थोडं. आमच्याकडे फॉर्म आहे, लांबलचक, आणि रद्द गाडीची नोंदच सिस्टिममध्ये नसली तर 'अशी गाडी रद्द झाल्याचे आढळत नाही' असं उत्तर येतं. माझ्या मंगळवारच्या अर्जाला तेच आलं. युरोपियन युनियनमध्ये ७ जून २०२३ पासून जे नियम लागू आहेत त्यात १ तास उशिराला तिकिटाच्या २५ टक्के, २ तासांना ५० टक्के हे आहेच, पण मला त्यातलं दुसरं कलम जास्त आवडलं. गाडी रद्द झाली किंवा खूप लेट झाली आणि सुटायच्या ठरलेल्या वेळेपासून १०० मिनिटांत कंपनीने पर्यायी प्रवास कसा करायचा ते सांगितलंच नाही, तर प्रवाशाने स्वतः दुसऱ्या रेल्वेने किंवा बसने जायचं आणि तो वाजवी खर्च कंपनीने भरायचा. म्हणजे न सांगण्याची किंमत कंपनीच्या खिशातून जाते. १०० मिनिटं मला जास्त वाटतात, रोजच्या प्रवासाला तर फारच, पण तत्त्व बरोबर आहे. आणि जपानमध्ये गाडी थोडी लेट झाली तरी स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो, बऱ्याच कंपन्या ऑनलाइनही देतात, तो ऑफिसात नाहीतर शाळेत दाखवायचा. त्या हॉल तिकीटवाल्या मुलीच्या हातात असा एक कागद असता तर निदान कोणासमोर गयावया करायची वेळ आली नसती तिच्यावर.

रात्रीच्या शेवटच्या गाडीबद्दल तर वेगळंच बोलायला पाहिजे. सकाळची गाडी रद्द झाली तर माणूस लेट होतो, शेवटची झाली तर रस्त्यावर येतो. आमची शेवटची गाडी वर्षभरात माझ्यासमोर दोनदा रद्द झाली आणि दोन्ही वेळा बदली बस आहे की नाही हे स्टेशनवर कोणाला सांगता आलं नाही. एकदा बस होती, स्टेशनच्या मागच्या बाजूला उभी होती, अर्धे लोक पुढच्या बाजूला वाट बघत राहिले.

तुम्ही रोज जाणारे असाल तर मी आता काय करते ते लिहून ठेवते, उपयोग होईल. रात्री झोपायच्या आधी आणि सकाळी निघायच्या आधी आपल्या स्टेशनवरची वेळ न बघता गाडी जिथून सुटते तिथली बघायची, आणि सकाळी तिथून सुटल्याची नोंद आली का तेही. तोच रेक आधीच्या फेरीत कुठे आहे ते ॲपमध्ये दिसत असेल तर तेही. आणि सुटायची वेळ होऊन गेली, अपेक्षित वेळ दोन-दोन मिनिटांनी सरकतेय आणि नकाशावर गाडी कुठेच दिसत नाहीये, असं पाच मिनिटं झालं की ती गाडी येणार नाही असं समजायचं आणि समोर जी उभी आहे ती पकडायची. बोर्डचा फोटो काढून ठेवायचा, वेळेसकट, भरपाईच्या अर्जाला लागतो.

हे सगळं मी कंपनीला पण कळवलंय, त्या मेसेजचा स्क्रीनशॉट लावून, की असाच रोज पाठवा, यापेक्षा जास्त काही नको. उत्तर आलं की अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवलाय. त्याला तीन आठवडे झाले. आत्ता रात्रीचे १० वाजून गेलेत, उद्याच्या ७:१२ बद्दल फोनवर काही आलेलं नाही, ॲपवर 'वेळेवर' दाखवतायत. मी अलार्म ६:४८ च्या हिशोबाने लावलाय.